बुडापेस्टची थंडी, गरम पाणी आणि आपलं हृदय

दिवाळीचा फराळ संपता संपता हिवाळी युरोपच्या जाहिराती दिसू लागतात. नाताळ-नववर्षाचा आठवडा वगळला तर जानेवारी-फेब्रुवारीत तिकिटं उन्हाळ्याच्या मानाने स्वस्त असतात, रांगा लहान असतात. मुलगा-सून किंवा लेक-जावई जर्मनीत असतील तर त्यांच्याकडे जाता-येता चार दिवस एखादी जुनी राजधानी पाहून घ्यावी, असा बेत अनेक घरांत शिजतो. प्राग, व्हिएन्ना, बुडापेस्ट ही त्यातली नेहमीची नावं. आज बुडापेस्टबद्दल बोलू. हिवाळ्यात या शहरात जाण्याचं जे खास आकर्षण, म्हणजे उघड्या आभाळाखालची गरम पाण्याची स्नानगृहं, त्याचा थेट संबंध आपल्या रक्तदाबाशी आहे.

बेत आखताना आपण स्थळांची यादी करतो. संसद भवन, टेकडीवरचा राजवाडा, साखळी पूल, जुनी कॉफीगृहं. या यादीत एक रकाना मात्र नसतो: त्या वेळी बाहेर थंडी किती असेल, उजेड किती असेल आणि आपलं शरीर कोणत्या देशाच्या घड्याळावर चालत असेल. तिशीतल्या निरोगी माणसाचं त्यावाचून फारसं अडत नाही. पण साठी ओलांडलेल्या, रक्तदाबाची आणि मधुमेहाची गोळी घेणाऱ्या माणसाचा बेत याच रकान्यापासून सुरू व्हायला हवा.

चार वाजता अंधार

बुडापेस्ट साधारण साडेसत्तेचाळीस अंश उत्तर अक्षांशावर आहे. २१ डिसेंबरच्या सुमारास तिथे सूर्य साडेसातला उगवतो आणि चार वाजण्याआधीच मावळतो. म्हणजे उजेड जेमतेम साडेआठ तास. त्याच दिवशी मुंबईत तो जवळपास अकरा तास असतो. जानेवारी संपता संपता तिथला सूर्यास्त साडेचारच्या पुढे सरकतो. त्यामुळे तारखा आपल्या हातात असतील तर डिसेंबरपेक्षा फेब्रुवारी बरा. मात्र नाताळच्या बाजाराची हौस असेल तर ते गणित वेगळं.

आता आपलं घड्याळ. हिवाळ्यात बुडापेस्ट भारताच्या साडेचार तास मागे असतं. तिथे संध्याकाळचे साडेसहा वाजतात तेव्हा आपल्या शरीराला रात्रीचे अकरा वाजलेले असतात. डोळे मिटू लागतात. आणि इथे सकाळी सहाला उठणाऱ्या माणसाला तिथे पहिल्या रात्री दीड वाजता टक्क जाग येते. पश्चिमेकडे जाताना शरीराचं घड्याळ दिवसाला साधारण तासभर, कधी थोडं जास्त मागे सरकतं. म्हणजे ते पुरतं जुळेपर्यंत चार दिवस संपलेले असतात आणि परतीचं विमान समोर उभं असतं.

म्हणून इतक्या छोट्या सहलीत घड्याळ पूर्ण बदलण्याचा खटाटोपच करू नये, असं माझं मत आहे. अर्धवट बदलावं आणि त्याचा फायदा घ्यावा. पहिल्या दिवशी साडेआठ-नऊपर्यंत कसंबसं जागं राहा, पहाटे चार-पाचला उठा, खोलीत सावकाश चहा घ्या, औषधं घ्या, आणि आठला उजाडल्यावर बाहेर पडा. लवकर उठणारं भारतीय शरीर आणि लवकर मावळणारा हिवाळी सूर्य यांची जोडी छान जमते. तिथल्या तरुण पर्यटकांना सकाळ सापडतच नाही. रात्री उशिरापर्यंत जागून ते दहा-अकराला बाहेर येतात, तोवर त्यांचा निम्मा उजेड सरलेला असतो. दुपारी मात्र खोलीत जाऊन झोपायचं नाही. मावळेपर्यंत बाहेरच्या उजेडात राहिलात तर घड्याळ मागे सरकायला मदत होते. अगदीच पेंग आली तर गजर लावून वीस मिनिटं डुलकी घ्यावी.

अंधार पडल्यावरची सोयही शहराने करून ठेवली आहे. पेश्तच्या काठाने, नदीला लागून, २ क्रमांकाची ट्राम जाते. डॅन्यूब नदीच्या पश्चिमेला डोंगराळ बुडा, पूर्वेला सपाट पेश्त. ही दोन गावं आणि जुनं ओबुडा १८७३ मध्ये एक झाली. (हंगेरीच्या लिपीतल्या ‘एस’चा उच्चार ‘श’ होतो, म्हणून तिथले लोक शहराला बुडापेश्त म्हणतात.) पहिल्या संध्याकाळी पुलावर उभं राहून कुडकुडण्यापेक्षा या ट्रामच्या खिडकीशी बसावं. पलीकडचा उजळलेला राजवाडा आणि अलीकडचं संसद भवन दोन्ही दिसतात, पायांना विश्रांती मिळते आणि छातीवर वाराही बसत नाही.

थंडी अंगात कशी शिरते

जानेवारीत बुडापेस्टचं सरासरी तापमान शून्याच्या आसपास असतं. दुपारी दोन-चार अंश, रात्री शून्याखाली. महाबळेश्वरची पहाट पाहिलेल्या माणसाला वाटतं, त्यात काय एवढं? फरक असा की महाबळेश्वरला दहा वाजता ऊन तापतं. इथे अनेकदा दिवसभर करडं आभाळ डोक्यावर बसून राहतं. शिवाय वारा. शून्य अंशाला ताशी ३० किलोमीटर वारा असेल तर उघड्या कातडीला ते उणे सहाच्या आसपास जाणवतं. डॅन्यूबवरच्या पुलांवर असा वारा लागतो.

थंडी जाणवताच शरीर पहिली गोष्ट करतं ती म्हणजे कातडीजवळच्या रक्तवाहिन्या आवळून घेतं. आतली ऊब राखण्यासाठी ते योग्यच आहे. पण वाहिन्या आवळल्या की रक्तदाब वाढतो, हृदयाला जास्त जोराने काम करावं लागतं. रक्तही किंचित दाट होतं. ज्याच्या हृदयाच्या धमन्या आधीच अरुंद झाल्या आहेत, त्याला हा जादा भार झेपेलच असं नाही. स्वीडनमध्ये १९९८ ते २०१३ या काळातल्या पावणेतीन लाखांच्या घरातल्या हृदयविकाराच्या झटक्यांच्या नोंदी हवामानाच्या नोंदींशी ताडून पाहिल्या गेल्या. तापमान खाली जाईल तसं झटक्यांचं प्रमाण वाढलेलं आढळलं.

याहून आपल्यासाठी बोलका अभ्यास १९९७ मध्ये प्रसिद्ध झाला. फिनलंडपासून अथेन्सपर्यंत युरोपच्या वेगवेगळ्या भागांतल्या लोकांची त्यात तुलना होती. तापमान तेवढ्याच अंशांनी उतरलं असता मृत्यूंमध्ये वाढ कुठे जास्त झाली? गोठवणाऱ्या फिनलंडमध्ये नव्हे, तर उबदार प्रदेशांत. कारण तिथले लोक थंडीत टोपी-हातमोजे कमी घालत होते, घरं कमी गरम ठेवत होते, आणि बाहेर पडल्यावर एका जागी उभं राहून कुडकुडत होते. थंडीपेक्षा थंडीची सवय नसणं आणि तिला कमी लेखणं जास्त महागात पडतं, असा त्याचा अर्थ. मुंबई-पुण्याचा माणूस यात कुठल्या गटात बसतो हे सांगायला नको.

तेव्हा कपडे. एक जाडजूड कोट घेऊन भागत नाही. ऊब कापडात नसते, कापडात अडकलेल्या हवेत असते. म्हणून तीन थर हवेत. अंगालगत घाम शोषून बाहेर टाकणारं लोकरीचं किंवा कृत्रिम धाग्याचं थर्मल, त्यावर लोकर किंवा फ्लीस, आणि सर्वांत वर वारा-पाऊस अडवणारं जाकीट. अंगालगत सुती बनियन मात्र नको. तिथल्या ट्राम, दुकानं, संग्रहालयं चांगलीच गरम असतात. आत घाम येतो, सुती कापड तो धरून ठेवतं, आणि बाहेर पडताच तेच ओलं कापड अंगावर बर्फासारखं बसतं. आत गेल्यावर कोट काढून कपड्यांच्या खिडकीवर द्यायची तिथली पद्धत आहे. ती नुसता शिष्टाचार म्हणून नाही, आरोग्यासाठीही पाळावी.

कानटोपी घाला. शरीराची निम्मी उष्णता डोक्यातून जाते, हे घरोघरी सांगितलं जातं ते मात्र खरं नाही. डोक्याच्या वाट्याला त्याच्या आकारमानाएवढीच, म्हणजे साधारण दहा टक्क्यांच्या आसपास उष्णता जाते. पण कान आणि कपाळ फार लवकर गार पडतात, म्हणून टोपी हवीच. नाका-तोंडावर मफलर असला तर आत जाणारी हवा थोडी उबदार आणि दमट होते. दमा असलेल्यांनी हे विसरू नये, कारण थंड, कोरडी हवा श्वासनलिका आकसवते. पंप खिशात, आतल्या बाजूला. हिवाळ्यात कधी कधी या शहरावर धुरकं साचतं, तेव्हा तर जास्तच सांभाळावं.

खोलीतल्या हवेचंही एक गणित आहे. शून्य अंशाची हवा घनमीटरमागे फार तर ५ ग्रॅम पाण्याची वाफ धरू शकते. तीच हवा हॉटेलात बावीस अंशांपर्यंत तापवली की तिची वाफ धरण्याची ताकद १९ ग्रॅमवर जाते, पण वाफ मात्र पाचच ग्रॅम राहते. म्हणजे सापेक्ष आर्द्रता उरली चतुर्थांश. मुंबईच्या दमट हवेत वाढलेलं नाक इथे दुसऱ्या दिवशी कोरडं पडतं, कधी रक्तही येतं. घसा खवखवला की ‘सर्दी झाली’ म्हणून लगेच गोळी घेऊ नका. मिठाच्या पाण्याचे नाकातले थेंब, भरपूर पाणी आणि रेडिएटर जवळ ठेवलेला ओला टॉवेल, एवढ्याने बहुतेक वेळा भागतं.

बुटांवर पैसे खर्च करा. बुडाच्या टेकडीवरच्या जुन्या वस्तीत दगडी फरसबंदी आहे. तिच्यावर रात्रीचं दव गोठलं की तिचा आरसा होतो. साठीनंतर पडल्यावर मनगट आणि खुबा यांचीच हाडं आधी मोडतात. तळवा मऊ रबराचा, खोल खाचांचा हवा. आपल्याकडच्या बुटांचे कडक तळवे थंडीत आणखी कडक होऊन घसरतात. बूट निघण्यापूर्वी महिनाभर घालून मुरवलेले असावेत. मधुमेहाने पायांची संवेदना कमी झालेल्या माणसाला नव्या बुटाचा फोड कळत नाही, त्याने रोज रात्री तळपाय पाहायलाच हवेत. घसरड्या जागी पावलं आखूड टाका, हात खिशातून बाहेर ठेवा. आणि टेकडी चढूनच गेली पाहिजे असं काही नाही, १६ क्रमांकाची बस वर जाते. घरी दोन मजले न थांबता चढताना छातीत जड वाटतं किंवा दम लागतो, अशा माणसाने तर थंडीत चढ चढण्याआधी डॉक्टरांना दाखवून मगच तिकीट काढावं.

कुंडात उतरण्याआधी

आता मुख्य आकर्षण. हंगेरीच्या खाली पृथ्वीचं कवच तुलनेने पातळ आहे. खोल जाताना तापमान जगाच्या सरासरीपेक्षा बरंच वेगाने चढतं. बुडाच्या चुनखडीच्या डोंगरांत मुरलेलं पावसाचं पाणी खोलवर जाऊन तापतं आणि नदीकाठच्या भेगांतून वर येतं. तुर्कांनी सोळाव्या शतकात या झऱ्यांवर घुमटाखालची स्नानगृहं बांधली. त्यांतलं रुदाश आजही वापरात आहे, आणि घुमटाखालचं त्याचं अष्टकोनी कुंड पाहण्यासारखं आहे. शहराच्या पेश्त बाजूला असं पाणी वर येत नव्हतं, तिथे विल्मोश झिगमोंडी या अभियंत्याने दहा वर्षं खपून १८७८ मध्ये ९७० मीटर खोल विहीर खोदली आणि ७४ अंशांचं पाणी काढलं. त्याच पाण्याच्या जोरावर १९१३ मध्ये सेचेनी स्नानगृह उभं राहिलं. पिवळ्या राजवाड्यासारख्या इमारतीच्या मधल्या अंगणात वाफाळतं कुंड, भोवती बर्फ, आणि छातीपर्यंत पाण्यात उभे राहून बुद्धिबळ खेळणारे म्हातारे, हे जे चित्र आपण पाहिलेलं असतं ते इथलं. शेजारच्या प्राणिसंग्रहालयातले पाणघोडेही याच गरम पाण्यावर सुखात असतात. (प्रसिद्ध गेल्लेर्त स्नानगृह सध्या नूतनीकरणासाठी बंद आहे.)

गरम पाण्याची कुंडं आपल्याला नवी नाहीत. वज्रेश्वरी-गणेशपुरीला पिढ्यान्‌पिढ्या लोक जातात. पण तिथे कुंडातून बाहेर आल्यावर हवा २५-३० अंशांची असते. सेचेनीत पाणी ३८ अंश आणि हवा उणे दोन. मधे चाळीस अंशांची दरी. आणि ती आपण ओल्या अंगाने, अनवाणी ओलांडतो.

यात शरीरात काय घडतं ते क्रमाने पाहू. कपडे बदलून तुम्ही बाहेर येता, थंडी लागते, वाहिन्या आवळतात, रक्तदाब झटकन वर जातो. पाण्यात उतरता. मानेपर्यंतच्या पाण्याचा दाब हातापायांतलं अर्ध्या लिटरहून अधिक रक्त छातीकडे ढकलतो. हृदय काही क्षण जास्त भरतं. मग ऊब लागते, कातडीच्या वाहिन्या सैलावतात, दाब खाली येऊ लागतो. छान वाटतं. छातीकडे जादा रक्त आलंय म्हणजे शरीरात पाणी जास्त झालंय, असा मूत्रपिंडांचा समज होतो आणि लघवी वाढते. वरून घामही जात असतो, पण पाण्यात तो कळत नाही. अर्ध्या तासाने तुम्ही उठून उभे राहता. पाण्याचा आधार एकाएकी सुटतो, सैलावलेल्या वाहिन्यांतून रक्त पायांकडे उतरतं, मेंदूला कमी पडतं. डोळ्यांपुढे अंधारी येते. रक्तदाबाची गोळी घेणाऱ्यांना, विशेषतः प्रोस्टेटसाठी अल्फा-ब्लॉकर किंवा लघवी वाढवणारं औषध घेणाऱ्यांना, ही अंधारी लवकर येते. कड ओली, घसरडी. आणि पुढच्याच क्षणी उणे दोनची हवा: अंगावरच्या पाण्याचं बाष्पीभवन ऊब ओढून घेतं, वाहिन्या पुन्हा आवळतात, दाब पुन्हा वर.

तरुण वाहिन्या लवचीक असतात, त्या ही चढउतार खेळासारखी सोसतात. सत्तरीच्या वाहिन्या तशा नसतात. जपानमध्ये हिवाळ्यात थंड न्हाणीघर आणि कढत पाण्याचं टब यांच्यामधल्या फरकामुळे होणारे वृद्धांचे मृत्यू हा गंभीर सार्वजनिक प्रश्न मानला जातो आणि त्यावर पुष्कळ संशोधन झालं आहे. घाबरवण्यासाठी हे लिहीत नाही. बहुतेकांनी या कुंडात जरूर उतरावं, कारण आनंद मोठा आहे. फक्त उतरण्याची रीत असावी.

विमानातून उतरल्या दिवशी जाऊ नका. झोप कमी आणि शरीर कोरडं असतं. दुसरा किंवा तिसरा दिवस धरा, सकाळची किंवा भर दुपारची वेळ घ्या, जेवण होऊन दीड-दोन तास झालेले असावेत. आधी आतल्या कोमट कुंडात दहा मिनिटं बसा, मग बाहेरच्या. बाहेरच्या कुंडाच्या सर्वांत जवळचं दार कोणतं ते कपड्यांत असतानाच पाहून ठेवा. टॉवेल, अंगरखा आणि न घसरणाऱ्या सपाता काठाशी, हात पोहोचेल तिथे. पाण्यात एका वेळी पंधरा मिनिटं पुरे, फार तर वीस. बाहेर येताना आधी पायरीवर मिनिटभर बसा, छातीवरचं पाणी उतरू द्या, मग कठडा धरून उठा. बाहेर आल्यावर ग्लासभर पाणी प्या. थंड पाण्याचं जे छोटं कुंड असतं, ज्यात तिथले लोक गरम खोलीतून येऊन बुडी मारतात, त्याच्या वाटेला हृदयविकार असलेल्यांनी जाऊ नये. एकट्याने जाऊ नये. आणि दारू नको. बाजारात मिळणारी मसाल्याची गरम वाइन चवीला गोड असते, थंडीत बरी वाटते, पण मद्यानेही वाहिन्या सैलावतात, तोल जातो, घसरण्याचं भान राहत नाही. फिनलंडमधल्या सौनाविषयीच्या अभ्यासांत अपघातांमागे मद्य वारंवार सापडतं.

कोणी अजिबात जाऊ नये? अलीकडेच हृदयविकाराचा झटका आलेल्यांनी, थोड्या श्रमाने छातीत दुखणाऱ्यांनी, महाधमनीची झडप फार अरुंद असलेल्यांनी, रक्तदाब आटोक्यात नसलेल्यांनी. गरोदर महिलांनी कढत पाणी टाळावं, पहिल्या तीन महिन्यांत तर नक्कीच. ताप, उघडी जखम, पायाला भेग असेल तर नाही. मधुमेहाने पाय बधिर झाले असतील तर पाण्याची ऊब हाताने किंवा कोपराने पाहून मगच उतरावं. रुदाशमध्ये तर ४० अंशांच्या वरची छोटी कुंडंही आहेत.

या पाण्याने सांधेदुखी बरी होते का, हा प्रश्न हमखास येतो. हंगेरीत डॉक्टर अशा स्नानांची शिफारस करतात, आणि गुडघ्याच्या झिजेवर तिथे झालेल्या काही चाचण्यांत दुखणं कमी झाल्याचं दिसलं आहे. पण त्या चाचण्यांत लोक काही आठवडे ठरावीक स्नानं घेत होते, आणि गुण पाण्यातल्या क्षारांचा की नुसत्या उबेचा, हे वेगळं काढणं अवघड आहे. दोन दिवसांत दोन डुबक्या मारून गुडघा बदलणार नाही. त्या रात्री झोप मात्र गाढ लागेल.

पिशवीतल्या गोष्टी

इन्शुलिन सामानाच्या पेटीत देऊ नका, हातातल्या पिशवीत ठेवा. ते गोठलं की निकामी होतं, पुन्हा वितळलं तरी वापरायचं नसतं. बाहेर फिरतानाही ते कोटाच्या आतल्या खिशात, अंगाच्या उबेला हवं. साखर मोजायचं यंत्रही फार गार पडलं तर चुकीचा आकडा दाखवतं किंवा बंद पडतं. जाण्याच्या दिवशी तुमचा दिवस २४ नव्हे, साडेअठ्ठावीस तासांचा होतो; दीर्घकाळ टिकणाऱ्या इन्शुलिनची मात्रा त्या दिवशी कशी घ्यायची, हे आपल्या डॉक्टरांकडून लिहून घ्या. रक्तदाबाची दिवसातून एकदाची गोळी बहुतेकांना तिथल्या सकाळवर सहज नेता येते, पण तेही विचारून. निघण्याआधी दोन आठवडे घरी रक्तदाब लिहून ठेवा. तो वारंवार १४०/९० च्या वर जात असेल तर औषध बदलायला अजून वेळ असतो, विमानतळावर तो नसतो.

सर्दीच्या गोळ्यांबद्दल खास इशारा. नाक मोकळं करणाऱ्या अनेक गोळ्यांत स्यूडोएफेड्रिन किंवा फेनिलएफ्रिन असतं. ते रक्तदाब वाढवू शकतं, आणि प्रोस्टेट वाढलेल्या पुरुषाची लघवी अडवू शकतं. थंडीने आधीच लघवी जास्त होते, स्वच्छतागृह पैसे देऊन आणि शोधून वापरावं लागतं, आणि त्यात हे. अनेक मंडळी यावर पाणीच कमी पितात. तसं करू नका. थंडीत तहान मंदावते, पण शरीर कोरडं पडायचं थांबत नाही. संग्रहालय, कॉफीगृह, मोठी दुकानं अशा दीड-दोन तासांच्या टप्प्यांवर बेत बांधला की हा प्रश्न मिटतो, आणि अंगही मधूनमधून गरम होतं. सुटी नाणी खिशात असू द्या.

जेवणात सूप गरम असतात, पण खारटही असतात. शाकाहारींनी ‘फोझेलेक’ शोधावं: दुधी, पालक, वाटाणा किंवा मसूर घट्ट शिजवलेला, आपल्या पातळ भाजीचा दूरचा नातेवाईक. त्यावर मांसाचा तुकडा ठेवायची पद्धत आहे, म्हणून ‘हूश नेल्क्यूल’, म्हणजे मांसाशिवाय, असं सांगावं. रस्त्यावरचं तळलेलं लांगोश एकदा खायला हरकत नाही. तिथल्या लाल पाप्रिका मिरचीत क जीवनसत्त्व भरपूर आहे, हे शोधणारे आल्बर्ट सेंट-जॉर्जी बुडापेस्टचेच. १९३७ चं नोबेल त्यांना मिळालं. क जीवनसत्त्वाने सर्दी टळते असं मात्र चाचण्यांत दिसलेलं नाही. ती टाळायची असेल तर फ्लूची लस निघण्याआधी किमान दोन आठवडे घ्या. युरोपात फ्लूचा भर याच महिन्यांत असतो.

आणि हात धुवा. हे सांगायला या शहराइतका अधिकार दुसऱ्या कुणाला नाही. इग्नाझ सेमेलवाइस १८१८ मध्ये बुडाच्या तबान वस्तीत जन्मले. व्हिएन्नाच्या रुग्णालयातल्या ज्या प्रसूती विभागात डॉक्टर शवविच्छेदन करून थेट बाळंतिणींकडे येत, तिथे एप्रिल १८४७ मध्ये शंभरातल्या अठराहून अधिक बाळंतिणी तापाने दगावल्या होत्या. मेच्या मध्यापासून सेमेलवाइसनी क्लोरिनच्या चुन्याच्या पाण्याने हात धुण्याची सक्ती केली. जून, जुलै, ऑगस्टमध्ये हे प्रमाण शंभरात दोनच्या आसपास किंवा त्याखाली आलं. जंतू रोग पसरवतात हे तेव्हा सिद्ध व्हायचं होतं; बड्या डॉक्टरांनी त्यांचं म्हणणं मानलं नाही, आणि १८६५ मध्ये वेड्यांच्या इस्पितळात त्यांचा अंत झाला. टेकडीच्या पायथ्याशी त्यांचं जन्मघर आज वैद्यकशास्त्राच्या इतिहासाचं संग्रहालय आहे. त्यांच्या अस्थीही तिथेच आहेत. चौथ्या दिवशी सामान आवरून झाल्यावर दोन तास मोकळे असतील तर ते इथे घालवावेत, असं मी म्हणेन. इतर अनेक ठिकाणांपेक्षा गर्दी कमी आणि आत उबदार. हिवाळ्यात युरोपात उलट्या-जुलाबांचा जो नोरोव्हायरस फिरतो, त्याला बाटलीतलं सॅनिटायझर फारसं बाधत नाही. त्याला साबण आणि पाणीच लागतं.

व्हिसासाठी किमान ३० हजार युरोंचा वैद्यकीय विमा लागतो. तो घेताना रक्तदाब, मधुमेह, जुनी अँजिओप्लास्टी, सगळं अर्जात लिहा. लपवलं तर कंपनी नेमका तोच खर्च नाकारते. औषधांची नावं कंपनीच्या नव्हे, मूळ घटकाच्या नावाने लिहिलेला कागद पाकिटात असू द्या. तिथल्या औषधविक्रेत्याला आपल्याकडची कंपन्यांची नावं ठाऊक नसतात. संपूर्ण युरोपीय संघात ११२ आणि हंगेरीत रुग्णवाहिकेसाठी १०४ हे क्रमांक मोबाइलमध्ये आधीच टाकून ठेवा. छातीत दडपण आलं, जबडा किंवा डावा हात दुखू लागला, दरदरून घाम फुटला, तर ‘थंडीने असेल’ म्हणून हॉटेलात जाऊन पडू नका, तिथूनच फोन करा.

मुंबईहून सहसा वाटेत विमान बदलावं लागतं, आणि बसून काढलेले तास जाता-येता मिळून बरेच होतात. दर तास-दीड तासाने उठून चाला, बसल्या जागी घोटे फिरवा. पूर्वी पायात रक्ताची गाठ झाली असेल, कर्करोगाचे उपचार चालू असतील किंवा नुकतीच शस्त्रक्रिया झाली असेल, तर दाब देणारे मोजे किंवा औषध घ्यायचं का ते डॉक्टरांना विचारा. आपल्या मनाने अ‍ॅस्पिरिन सुरू करू नका. आणि परतल्यावर महिनाभरात एकाच पायाची पोटरी सुजली, दुखू लागली किंवा अचानक दम लागला, तर त्याच दिवशी डॉक्टरांकडे जा आणि विमानप्रवास झाल्याचं त्यांना आठवणीने सांगा. ते विचारतीलच असं नाही.